पेपरफुटीची शिक्षा वाडीतल्या मुलांना कशासाठी?

डॉक्टर व्हायचे असेल तर 'नीट'चा उंबरठा ओलांडावा लागतो. ही परीक्षा कागदावर घ्यावी की संगणकावर, हा वाद काही वर्षांपासून चालू आहे. शहरी विद्वान त्याकडे तंत्रज्ञानाचा प्रश्न म्हणून पाहतात. आम्ही त्याकडे समान संधीचा प्रश्न म्हणून पाहतो. मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या बौद्धवाडीत उभे राहून पाहिले, तर हा फरक चटकन लक्षात येतो.

आधी इतिहास पाहू. जुलै 2018 मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी 'नीट' वर्षातून दोनदा आणि संगणकावर घेण्याची घोषणा केली. ग्रामीण व गरीब विद्यार्थ्यांचे नुकसान होईल, ही शंका आरोग्य खात्यानेच काढली आणि ऑगस्टमध्ये सरकारने माघार घेतली. पुढे 5 मे 2024 च्या परीक्षेत पेपर फुटला. हजारीबाग आणि पाटणा ही नावे सर्वोच्च न्यायालयात गाजली, चौकशीचे धागे आपल्या लातूरपर्यंत आले. सुमारे 23 लाख मुलांचे भवितव्य टांगणीला लागले. न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. 'इस्रो'चे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने संगणकीय परीक्षेकडे वळण्याची शिफारस केली. तरीही 2025 ची परीक्षा कागदावरच, एका दिवशी, एकाच पाळीत झाली.

पेपर फोडणारे कोण होते आणि तो विकत घेणारे कोण होते? ज्यांच्याकडे लाखो रुपये मोजण्याची ऐपत होती, तेच ना? आरक्षणाचे नाव काढले की 'मेरिट'चा गजर करणारी मंडळी तेव्हा मात्र मूग गिळून बसली होती. चोरी धनदांडग्यांनी करायची आणि तिच्यावरच्या इलाजाची किंमत गोरगरिबांच्या मुलांनी मोजायची, हा कुठला न्याय?

संगणकाला आमचा आंधळा विरोध नाही. उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने एकदा गोल काळा केला की तो पुसता येत नाही. संगणकावर शेवटच्या मिनिटापर्यंत उत्तर बदलता येते. छापखाना, ट्रक, बँकेची तिजोरी या साखळीतली गळती टळते. दृष्टी अधू असलेल्या मुलाला अक्षर मोठे करता येते. हे फायदे खरेच आहेत. बाबासाहेबांची चळवळ यंत्राला घाबरणारी कधीच नव्हती. यंत्र कोणाच्या हातात आहे, हा तिचा सवाल होता आणि आजही तोच आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीनुसार 2017-18 मध्ये देशातल्या ग्रामीण भागात शंभरांपैकी जेमतेम चार-पाच घरांत संगणक होता. शहरांत हेच प्रमाण 23 टक्क्यांवर होते. त्यानंतर मोबाइल घरोघरी पोहोचला, हे खरे. पण मोबाइलवर व्हिडीओ पाहणे वेगळे आणि तीन तास पडद्यावर नजर लावून भौतिकशास्त्राची गणिते सोडवणे वेगळे. आचऱ्याच्या किंवा देवबागच्या मुलाने बारावीपर्यंत प्रत्येक परीक्षा कागदावर दिली. प्रश्नाखाली रेघ मारायची, चुकीचा पर्याय खोडायचा, आकृतीवरच खुणा करायच्या, ही त्याच्या हाताला लागलेली सवय आहे. 180 प्रश्नांच्या परीक्षेत एका प्रश्नाला चार गुण मिळतात आणि चुकल्यास एक जातो. अशा परीक्षेत हात अडखळला, मिनिटे वाया गेली, की क्रमवारीतली हजारो स्थाने जातात. शहरातला मुलगा मात्र खासगी क्लासमध्ये वर्षभर पडद्यावर सराव करून आलेला असतो. हे मेरिट म्हणायचे की बापाच्या खिशाचे मोजमाप?

दुसरा धोका याहून मोठा आहे. वीस-बावीस लाख मुलांना एकाच वेळी बसवता येईल एवढे संगणक आणायचे कोठून? म्हणजे अनेक पाळ्या आल्या, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका आल्या आणि मागोमाग गुणांचे 'सामान्यीकरण' आले. त्याचा नमुना महाराष्ट्राने 2023 च्या तलाठी भरतीत पाहिला आहे. 200 गुणांच्या परीक्षेत 214 गुण मिळाल्याची यादी लागली! सूत्र बरोबर असेलही, पण उमेदवाराला आपला निकाल स्वतः पडताळता येत नसेल, तर त्याने विश्वास ठेवायचा कशावर? 2025 च्या 'एमएचटी-सीईटी'त एका पाळीच्या गणिताच्या पेपरात 21 प्रश्नांत चुका निघाल्या आणि हजारो मुलांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पदव्युत्तर 'नीट' दोन पाळ्यांत घेण्याचा घाट 30 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच रोखला. दोन प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण असू शकत नाहीत, हे साधे सत्य न्यायालयाने मान्य केले.

तिसरा मुद्दा विजेचा. 'नीट' एरवी मे महिन्यात होते, आणि कोकणात मे म्हणजे वादळवाऱ्याचे दिवस. मे 2021 च्या तौक्ते वादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातली गावे दिवसेंदिवस अंधारात होती. 4 मे 2025 रोजी इंदूरमध्ये वादळाने वीज गेली, तेव्हा मुलांनी मिळेल त्या उजेडात कागदावर उत्तरे लिहिली. त्यांची फेरपरीक्षेची मागणीही शेवटी मान्य झाली नाही. कागदाला निदान मेणबत्ती तरी चालते. बंद पडलेल्या पडद्याला काय दाखवायचे?

आणि संगणक आला म्हणजे चोर संपले, असे थोडेच आहे? 2021 च्या 'जेईई मेन'मध्ये सोनीपतच्या केंद्रातला संगणक दुसरीकडे बसून चालवल्याचे प्रकरण सीबीआयने बाहेर काढले. चोराने कुलूप पाहून किल्ली बदलली, एवढेच.

सिंधुदुर्गासाठी हा जीवनमरणाचा विषय आहे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला 2021 उजाडावे लागले. तोवर आणि त्यानंतरही गंभीर रुग्ण घेऊन लोक गोव्यात बांबोळीला धावत राहिले. 2018 पासून तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागले, तेव्हा जिल्ह्यातल्या गरिबांच्या तोंडचे पाणी पळाले. या मातीतली, वाडी-वस्तीतली मुले डॉक्टर झाली तरच आरोग्य केंद्रांतल्या रिकाम्या खुर्च्या भरतील. त्यांनाच दारात अडवणारी परीक्षा आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकाच दिवशी, एकाच वेळी मिळाली पाहिजे. ही अट पाळता येत नसेल, तर परीक्षा कागदावरच ठेवा आणि प्रश्नपत्रिकेची वाहतूक व तिजोऱ्या सांभाळणाऱ्यांवर जबाबदारी टाका. संगणकावर जायचेच असेल, तर आधी आठही तालुक्यांत सरकारी मालकीची, विजेची पर्यायी सोय असलेली केंद्रे उभारा. सावंतवाडी तालुक्यातल्या नवोदय विद्यालयापासून सुरुवात करा. खासगी ठेकेदाराच्या दारात मुलांना उभे करू नका. निदान दोन वर्षे आधी अकरावी-बारावीच्या मुलांना मोफत सराव द्या. 'बार्टी'ने जिल्ह्याच्या ठिकाणी न थांबता तालुक्याच्या गावी यावे. मराठी प्रश्न पडद्यावर इंग्रजीच्या शेजारीच दिसला पाहिजे.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीही केवळ निवेदने देऊन थांबू नये. आपल्या विहारात संध्याकाळी दोन संगणक चालू झाले, गावातल्या शिकलेल्या नोकरदारांनी त्यासाठी वर्गणी काढली, तर सरकार जागे होण्याची वाट पाहावी लागणार नाही. बाबासाहेबांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, ते याच कोकणच्या कुळांसाठी. जमिनीवरची खोती गेली. ज्ञानावर नवी खोती बसू द्यायची नसेल, तर आतापासूनच कंबर कसली पाहिजे.