आधी ठरवा, ब्रिज की राउट

रस्त्याच्या अलीकडे दुकान, पलीकडे गोदाम, मध्ये नगरपालिकेचा रस्ता. खोदाईची परवानगी मिळेपर्यंत व्यापारी थांबत नाही. त्याला गोदामातून टॅली उघडायची असते आणि तिथले कॅमेरे गल्ल्यावर बसून पाहायचे असतात. मग दोन्ही गच्च्यांवर एकेक ॲक्सेस पॉइंट चढतो, संध्याकाळपर्यंत पिंग सुरू होते, बिल निघते. आपल्या धंद्यातले हे नेहमीचे काम. ऑक्टोबर २०१८मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना खुला केल्यापासून तर बाहेरच्या लिंकसाठी चॅनेलची पूर्वीसारखी चणचणही उरलेली नाही.

रेडिओचा भाग आपली मंडळी आता नीट करतात. एक किलोमीटरच्या लिंकमध्ये ५.८ गिगाहर्ट्झवर मधोमध फ्रेनेल झोनची त्रिज्या साडेतीन मीटरच्या वर जाते. त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा हवा, समोरची गच्ची नुसती दिसून भागत नाही, हे नव्या पोरांनाही माहीत असते. (मधले आंब्याचे झाड दरवर्षी वाढते, हे मात्र सांगावे लागते.) आमची तक्रार त्यापुढची आहे. लिंक लागली की दोन्ही टोकांच्या केबली सरळ स्विचमध्ये खोचल्या जातात. ही दोन नेटवर्क खरोखर एक करायची होती का, हे कोणी विचारतच नाही.

दुकानात ब्रॉडबँडचा राउटर असतो, गोदामातही असतो. दोघांचा पत्ता कंपनीतून आला तोच, १९२.१६८.१.१. दोघेही डीएचसीपीने आयपी वाटतात. ब्रिज झाल्याक्षणी दोघे एकाच नेटवर्कात येतात. गोदामातल्या संगणकाला कधी जवळचा राउटर आयपी देतो, कधी रस्त्यापलीकडचा. ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचे चालते. गेटवेचा पत्ता तोच, पण त्यामागचा मॅक कधी याचा, कधी त्याचा. ग्राहक म्हणतो, ‘नेट अधूनमधून जातंय,’ आणि आपला माणूस गच्चीवर जाऊन डिश हलवत बसतो. सिग्नल उणे ५५ असताना डिश हलवून काय मिळणार? खाली बसा, कमांड प्रॉम्प्टवर ‘एआरपी -ए’ मारा, थोड्या वेळाने पुन्हा मारा. गेटवेचा मॅक बदललेला दिसला की दुखणे सापडले.

दुसरा घोळ मोडचा. एका टोकाला ॲक्सेस पॉइंट आणि दुसऱ्या टोकाला साधा क्लायंट, अशी जोडणी खरा ब्रिज नव्हे. वायफायच्या नेहमीच्या फ्रेममध्ये तीनच पत्ते वापरले जातात. क्लायंटकडून जाणाऱ्या फ्रेममध्ये पाठवणारा रेडिओ आणि मूळ यंत्र एकच धरलेले असते, त्यामुळे क्लायंटमागच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा मॅक लिहायला जागाच नसते. बरीच यंत्रे मग सगळ्यांवर आपलाच मॅक चिकटवून वेळ मारून नेतात. वरवर सगळे चालते. पण पलीकडच्या राउटरवर मॅकनुसार आयपी बांधायला गेलात की अडकता. चार पत्त्यांची फ्रेम, म्हणजे डब्ल्यूडीएस मोड, दोन्ही टोकांना हवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे डब्ल्यूडीएस एकमेकांशी जुळेलच असे नाही, म्हणून जोडी एकाच कंपनीची घ्यावी.

आमचे मत स्पष्ट आहे. एकच कचेरी दोन इमारतींत विभागली असेल, राउटर एकच असेल, तर खुशाल ब्रिज करा. दोन्हीकडे स्वतंत्र इंटरनेट असेल किंवा दोन वेगळे मालक असतील, तर राउट करा. एका बाजूला १९२.१६८.१०, दुसऱ्या बाजूला १९२.१६८.२०, लिंकसाठी तिसरा छोटा सबनेट आणि दोन्ही राउटरांवर एकेक स्टॅटिक राउट. इंटरनेट कंपनीच्या राउटरवर ती सोय नसेल, तर त्यामागे स्वतःचा लहान राउटर बसवा. खर्च थोडा वाढतो आणि पहिल्या दिवशी एक डोकेदुखीही होते: विंडोजची फायरवॉल दुसऱ्या सबनेटवरून येणारे फाइल शेअरिंग बहुधा अडवते, ती परवानगी हाताने द्यावी लागते. पण एका बाजूचा ब्रॉडकास्टचा गोंधळ दुसऱ्या बाजूला जात नाही, आणि पुढेमागे कोणी रस्त्याखालून फायबर टाकून तो स्विचमध्ये खोचला, तरी लूप होऊन दोन्ही जागा एकदम बसत नाहीत. ब्रिज असेल तर नेमके तेच होते, कारण स्वस्त स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नसते.

आपल्यातले बरेच जण कोटेशनमध्ये ‘वायरलेस लिंक, एक जोडी’ एवढेच लिहितात. तिथे आणखी एक ओळ घालावी, ब्रिज की राउट, आणि दोन्हीकडचे सबनेट कोणते. काम सोपवताना तोच कागद ग्राहकाच्या रॅकमध्ये चिकटवून यावे. सहा महिन्यांनी तिथे जाणारा माणूस तुम्ही नसाल, आमच्या वाचकांपैकीच दुसरा कोणी असेल.