मेंदूची वीज, मेंदूचे चुंबकत्व आणि वैद्याचे कर्तव्य

सालेकसा वा देवरीकडून अपस्माराचा रुग्ण आपल्या दवाखान्यात येतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या पिशवीत ईईजीचा अहवाल असतो आणि नातेवाइकांच्या तोंडी एक प्रश्न असतो : याहून मोठी तपासणी नाही का? ती आहे. तिचे नाव मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, संक्षेपाने एमईजी. तथापि मोठी तपासणी प्रत्येकास आवश्यकच असते, हे आम्हांस मान्य नाही.

दोहोंचे मूळ एकच : चेतापेशींच्या समूहांतील विद्युत्प्रवाह. हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूची विद्युत्-नोंद घेतली. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजले. कवटी विजेस अडविते व पसरविते, म्हणून ईईजीत उगमस्थान धूसर होते. चुंबकीय क्षेत्र कवटीतून जवळजवळ अविकृत बाहेर येते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी विकृतीचे स्थान ठरविण्यास एमईजी उपयुक्त ठरते. परंतु हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण असते. ते टिपण्यास चुंबकरोधक कक्ष आणि प्रचलित यंत्रांत उणे २६९ अंशांचे द्रवरूप हेलियम लागते. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोजक्याच संस्थांत ही सोय आहे. शिवाय कवटीच्या पृष्ठभागाशी काटकोनात वाहणारे प्रवाह एमईजीत फारसे उमटत नाहीत. ते ईईजी टिपते. म्हणजेच या पद्धती परस्परपूरक होत.

आपल्या रुग्णांपैकी बहुतेकांस नीट घेतलेला ईईजी पुरेसा आहे. तो नीट व्हावा, यात आपलाही वाटा आहे. शिरोभ्यंग वा शिरोधारा चालू असल्यास तपासणीपूर्वी ती थांबवून केस स्वच्छ धुण्यास सांगावे. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट जोडले जात नाहीत. एमईजीस तेलाची तितकी अडचण नाही. तेथे ताईत, जोडवी, मंगळसूत्र यांतील धातू बाधक ठरतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या ईईजीत अपस्माराच्या खुणा पुष्कळ रुग्णांत आढळतच नाहीत. म्हणून ‘अहवाल निर्दोष आहे’ एवढ्यावरून चालू असलेले आधुनिक औषध अकस्मात बंद करविणे हा प्राणाशी खेळ आहे. औषध कमी करण्याचा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञाच्या संमतीनेच व्हावा.

चरकाचार्यांनी अपस्माराचे भेद वर्णिले ते वेगकाळच्या लक्षणांवरून. आजचा मेंदूविकारतज्ज्ञही वेग प्रत्यक्ष पाहणाऱ्याची हकिकत प्रथम विचारतो. ती हकिकत शांतपणे ऐकून लिहून देणे, हे कोणत्याही यंत्राविना आपल्या हाती आहे. तेवढे तरी आपण चोख करावे, अशी आमची वैद्यबंधू-भगिनींस विनंती आहे.