आधी ऊस बघा, म्हणे!

वॉशिंग मशीनचं पाणी गटारात सोडू नका, त्यावर संडास-मोरी धुवा, असं बारामतीत किंवा इंदापुरात चार तरुणांसमोर म्हणून बघा. चारातला एक तरी हसतो आणि ठरलेलं उत्तर देतो, "एवढ्याशा बादलीनं काय होणार? आधी ऊस बघा." बाकीचे माना डोलावतात. चहा संपतो, विषयही संपतो.

उत्तर खोटं असतं तर खोडून काढणं सोपं होतं. ते खरं आहे, आणि खऱ्या गोष्टीच्या आड लपायला फार सोयीचं असतं.

म्हणून आधी ऊसच बघू. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळापासून या दोन तालुक्यांतून वाहतो आहे. त्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे कारखाने उभे आहेत. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यात निम्म्याहून जास्त, हे कुणा आंदोलकाचं म्हणणं नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगच ते सांगत आला आहे. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं उसाला ठिबक टप्प्याटप्प्यानं सक्तीचं करायचा निर्णय घेतला. त्याचं पुढे काय झालं हे बघायला अहवाल नको, कालव्याच्या कडेनं मोटारसायकलवर एक चक्कर मारा. सरी भरून वाहणारं पाणी अजून दिसतं.

आता बादलीचा हिशेब. टॉप लोड मशीन एका धुण्याला साधारण शंभर ते दीडशे लिटर पाणी घेतं, फ्रंट लोड त्याच्या निम्म्याच्या आसपास. शंभर धरा, आठवड्याला चार धुणी धरा. वर्षाला वीस हजार लिटर झाले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. म्हणजे घराघरातून एक टीएमसी वाचवायचं तर चौदा लाख घरं लागतील. एवढी घरं या दोन्ही तालुक्यांत मिळूनही नाहीत. ऊसवाला मित्र इथे टाळी मागेल. द्या त्याला टाळी.

पण मी कुठे धरण भरायला सांगतोय? मी तुमच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलतोय. धरणात वीस हजार लिटर काहीच नाहीत, पण घरात ते दहा हजारी दोन टँकर होतात, आणि टँकरचे पैसे कारखाना भरत नाही. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. तुमच्या मशीनचं एक धुणं म्हणजे सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातल्या दोन माणसांचं दिवसभराचं सगळं पाणी. पिण्याचं, स्वयंपाकाचं, आंघोळीचं, सगळं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं राज्यातले जे चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात बारामतीही होता, इंदापूरही. पुढच्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. उणे म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी उपसणं. पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडलं आणि लोक तिथे फोटो काढायला गेले. त्यानंतर मे २०२५ मध्ये इतका पाऊस झाला की नीरा डावा कालवा बारामतीजवळ फुटला. एका उन्हाळ्यात टँकर, दुसऱ्या उन्हाळ्यात घरात पाणी. अशा मुलखात बादलीला हसायची चैन नेमकी कुणाला परवडते?

ज्याच्या नावावर विहीर आहे, बोअर आहे, त्याला परवडते. बारामती शहराचं पाणी कालव्यावरच्या साठवण तलावांतून येतं. आवर्तन लांबलं की नळ लांबतो. आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी घरांच्या नावावर उसाचा एक गुंठा नाही. गॅरेज, शिलाई, फळांची गाडी, मटणाचं दुकान, नाहीतर एमआयडीसीतली पाळी, यावर घर चालतं. या घरांना उसानं काही दिलेलं नाही हे कबूल. पण नळ गेला की सगळ्यात आधी हीच घरं कोरडी पडतात. मग "ऊस बघा" म्हणत आपलंच पाणी गटारात सोडून आपण नक्की कुणाला धडा शिकवतोय? बागायतदाराला तर त्याचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक. हे वाक्य मी आजवर पुरुषांच्याच तोंडून ऐकलं आहे. घरातल्या बाईनं "बादलीनं काय होणार" असं म्हटलेलं मला आठवत नाही, कारण बादलीनं काय होतं ते तिला माहीत असतं. कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात पायपुसणी बुचकळणं, त्याच पाण्यानं जिना धुणं, तांदळाचं पाणी कुंडीत ओतणं, हे आपल्या अम्मी-नानी पर्यावरण हा शब्द कानावर पडायच्या आधीपासून करत आल्या. मशीन आलं, नळी थेट जाळीत गेली, आणि ती सवय मोडली. आता ती परत आणायची म्हणून पुन्हा त्यांच्याच हातात बादल्या द्यायच्या आणि आपण पोस्टर रंगवायचं, असल्या मोहिमेला माझा विरोध आहे. पाणी वाचवा म्हणणारे बहुतेक फलक बाईकडे बोट दाखवतात. ओल्या फरशीवरून वीस लिटरची बादली उचलून संडासापर्यंत नेणं हे काम आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला तर ते धोक्याचं काम आहे. घरात धडधाकट तरुण असेल तर ते त्याचं.

काम फार नाही. दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम, झाकणासकट. रसायनाचा जुना ड्रम स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. मशीनची सांडपाण्याची नळी ड्रमच्या काठावरून आत सोडा आणि वर बांधून टाका. नळी जमिनीलगत ठेवली तर पाणी भरता भरताच मशीन रिकामं होत राहतं, आणि मग मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला बोलावणं होतं. ड्रमच्या तळाशी तोटी बसवा. ड्रम दोन विटांवर चढवला की तोटीखाली बादली बसते, आणि तोटीला पाइप लावला तर बादलीही नको. ज्यांच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक आहे त्यांचं तर आणखी सोपं. शेवटचं खंगाळलेलं पाणी तसंच ठेवायचं आणि पुढच्या धुण्याचा पहिला हात त्यातच मारायचा.

कुठलं पाणी कुठे, हे मात्र कळलं पाहिजे. साबणाचं पहिलं पाणी संडासात. एका फ्लशला सहा ते दहा लिटर जातात, म्हणजे एका धुण्यात दहा-बारा वेळचं काम भागतं. नितळ दुसरं पाणी गाडी, अंगण, जिन्याला. झाडांना रोज साबणाचं पाणी घालू नका. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात आणि काळी माती त्यानं चोपण होते. कालव्याकाठच्या क्षारपड जमिनी बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चोवीस तासांच्या वर पाणी साठवू नका, वास सुटतो, डास होतात. तान्ह्या बाळाचे लंगोट, आजाऱ्याच्या चादरी असतील त्या दिवशीचं पाणी सरळ जाऊ द्या.

इथे घरातली मोठी माणसं विचारतील, हे पाणी पाक का नापाक? प्रश्न रास्त आहे, उडवून लावू नका. अंगणात, फरशीवर शिंपडायचं असेल आणि मनात शंका असेल तर मौलानांना विचारा. पण संडासात ओतायच्या पाण्याला ही अडचण कुठे आली? तिथे आज आपण पिण्यालायक, क्लोरीन टाकून शुद्ध केलेलं पाणी ओततोय. विचारायचंच तर हे विचारू या की त्याला काय म्हणायचं.

वुजूखान्याचंही तेच. त्या पाण्यात साबण नसतो, ते मशीनच्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. पैगंबरांचं वुजू एका मुद पाण्यात, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात होत असे, अशी नोंद हदीसच्या संग्रहांत आहे. आपण तोटी पूर्ण सोडून शेजाऱ्याशी बोलत असतो. मशिदीच्या ट्रस्टमधल्या बुजुर्गांकडे चार तरुण गेले आणि वुजूच्या पाण्याची मोरी गटाराऐवजी झाडांकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवू म्हणाले, तर नाही म्हणणारे कमी निघतील. खर्च एका पाइपचा आणि दोन दिवसांच्या गवंड्याचा.

आणि ऊस? ऊस सोडायचा नाहीच. पण तो प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून कुणाचं काय बिघडतं? तो ग्रामसभेत विचारा. पाणी वापर संस्थांचा कायदा २००५ पासून आहे. कुणाच्या रानात किती पाणी गेलं आणि पाणीपट्टी किती भरली हे तिथे विचारता येतं. ज्या मित्राला बादली क्षुल्लक वाटते त्याला पुढच्या ग्रामसभेची तारीख सांगा आणि येतोस का विचारा. तो आला तर उत्तम. मग त्याला बादलीही माफ.

जाता जाता एक गोष्ट. बारामतीत आणि इंदापुरात नव्या इमारती धडाधड उभ्या राहतायत आणि आपल्यातली कितीतरी जोडपी तिथे पहिलं घर बुक करतायत. टाइल्सचा रंग विचारतो, मॉड्युलर किचन विचारतो. फ्लशच्या टाकीला वेगळी लाइन आहे का, हे कुणी विचारत नाही. मोठ्या प्रकल्पांना सांडपाणी पुन्हा वापरायचे नियम आहेत, छोट्या इमारती त्यातून सुटतात. पण भिंतीला प्लास्टर व्हायच्या आधी एक जादा पाइप टाकून घ्यायला बिल्डरला फारसा खर्च येत नाही. प्लास्टर झाल्यावर तीच पाइप टाकायची तर भिंत फोडावी लागते, आणि तो खर्च तुमचा असतो.