सेवेच्या नावाखाली

"अनुभव नाही, म्हणून पगार कमी." नर्सिंग पास होऊन सोयगावहून शहरात पहिली नोकरी मागायला गेले, तेव्हा हेच ऐकवलं गेलं. आणि त्याच आठवड्यात रात्रपाळीला अख्खा वॉर्ड माझ्या एकटीवर सोडला. रोगी सांभाळायला अनुभव पुरला, पगाराला तेवढा पुरला नाही!

मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात. आईनं कापूस वेचून केलेलं माझं शिक्षण सावकाराकडच्या जमिनीसारखं गहाण पडलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं २०१६ मध्येच सांगितलं: खासगी रुग्णालय पन्नास खाटांहून लहान असलं तरी नर्सचा पगार २०,००० रुपयांच्या खाली नको, दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका हवा. पण नुसत्या शिफारशीनं चूल पेटत नाही.

बाईच्या कामाला 'सेवा' म्हटलं की दाम चुकवता येतो. घरात हेच, दवाखान्यातही हेच.

मैत्रिणींनो, पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र मागा, मूळ प्रमाणपत्र हातचं सोडू नका. एकटीनं मागितलं तर दार दाखवतील. म्हणून हा प्रश्न नर्सेसचा एकटीचा नाही. आपल्या संघटनांनी तो आपला मानायला हवा.