मावशीच्या मजुरीचा रकाना

पाऊस सुरू झाला की मुंबई, पुणे, नाशिककडची माणसे भंडारदऱ्याची वाट धरतात. कुणाला रंधा धबधबा पाहायचा असतो, कुणाला घाटघरचा कोकणकडा, कुणाला रतनवाडीचे जुने अमृतेश्वराचे देऊळ. त्याआधी मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी गर्दी होते. थंडीत जलाशयाच्या काठावर तंबू पडतात. एवढी माणसे रात्री कुठे तरी टेकणार, कुठे तरी जेवणारच. मुरशेत, पेंडशेत, रतनवाडी, साम्रद अशा गावांतून आता अनेक कुटुंबे आपल्याच घरात पाहुणे उतरवून घेतात. त्याला ‘होमस्टे’ हे नाव पडले आहे.

ही अकोले तालुक्याची पश्चिम बाजू. बहुसंख्य वस्ती महादेव कोळी व ठाकर आदिवासींची. भाताचे एक पीक निघाले की मजुरीसाठी खाली उतरायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. प्रवरा नदीवरचे भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले आणि पाणी खालच्या उसाच्या मळ्यांकडे गेले. वरच्या वाड्यांच्या वाट्याला काय आले? धरण उशाला आणि कोरड घशाला! उन्हाळ्यात आजही अनेक वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन फिरतात. अशा ठिकाणी गावातच रोजगार मिळतो आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वाचकहो, या रोजगारातली मजुरी कोण करते आणि पैसा कुठे जातो, हे कधी पाहिले आहे का?

शनिवारचा दिवस घ्या. पहाटे पाचला घरची बाई उठते. पाहुण्यांच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकते. पावसाळ्यात ऊन नसते, मग धुतलेल्या चादरी चुलीवरच्या दोरीला वाळवते. मोरी आणि संडास घासते, पाणी भरते. दुपारी पाहुणे येतात. “मावशी, चहा!” “मावशी, गरम पाणी!” संध्याकाळी भजी, रात्री पिठले, नाचणीची भाकरी, ठेचा, कोंबडीचा रस्सा. पाहुण्यांच्या गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालतात, तोवर तिला निजता येत नाही. रविवारी पहाटे पुन्हा पोहे-चहा, आणि ते गेले की भांड्यांचा ढीग.

त्यात जुलै महिना म्हणजे भाताच्या आवणीचा. धबधबे भरतात तेव्हाच खाचरात चिखल होतो. दिवसभर वाकून रोपे लावायची आणि तिन्हीसांजेला दहा माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. घरात शाळकरी मुलगी असली तर तिचा शनिवार-रविवार आईच्या हाताखाली जातो, अभ्यास राहतो तो राहतोच.

आता हिशेब मांडू. समजा, सहा पाहुणे आले. मुक्काम आणि जेवणाचे माणशी 1000 रुपये, म्हणजे 6000. पाहुणे शहरातल्या एजंटाने पाठवले. त्याने पाचवा हिस्सा कापला, 1200. किराणा, कोंबडी, दूध, गॅस, वीज, साबण यांचे 2800. उरले 2000. पारावर घरधनी सांगतो, “या खेपेला दोन हजार सुटले.”

खरेच सुटले का? घरची बाई आणि तिची मुलगी किंवा जाऊ, दोघींचे मिळून बत्तीस तास गेले. आठ तासांचा दिवस धरला तर चार दिवसांची मजुरी झाली. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 सालचा दर दिवसाला 312 रुपये होता, आणि तो बाई-पुरुष दोघांना सारखाच होता. चार दिवसांचे 1248 झाले. ते वजा केले तर नफा राहतो 752 रुपये. त्यातूनच गाद्या बदलायच्या, पत्रे दुरुस्त करायचे, कर्जाचा हप्ता भरायचा. म्हणजे ज्याला आपण नफा म्हणतो त्याचा मोठा भाग हा त्या दोघींचा न दिलेला पगार आहे. मावशी म्हणायला पैसे पडत नाहीत. मावशीची मजुरी मात्र कुणाच्याच वहीत लिहिलेली नसते.

हा व्यवसाय जगाला नवा नाही. फ्रान्समध्ये कामगारांना 1936 साली कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि साधी कुटुंबेही सुट्टीला बाहेर पडू लागली. पुढे खेडी ओस पडू लागली, घरे मोडकळीस आली. तेव्हा शेतकऱ्याने आपले रिकामे घर नीट करून सुट्टीपुरते भाड्याने द्यावे, ही पद्धत आली. अशा घराला तिकडे ‘झीत’ म्हणतात. असे पहिले घर 1951 साली सुरू झाले आणि 1955 साली घरवाल्यांचा देशव्यापी संघ उभा राहिला. हा संघ घरे तपासून त्यांना एक ते पाच कणसांचा दर्जा देतो. तिथेही सुट्टीच्या हंगामात घर बहुधा शनिवार ते शनिवार दिले जाते. सकाळी एक कुटुंब गेले की दुपारपर्यंत झाडलोट, चादरी, भांडी उरकून दुसऱ्याला किल्ली द्यायची. कष्ट सगळीकडे सारखेच. पण घरवाले संघटित असले की दर आणि दर्जा ठरवण्यात त्यांचाही आवाज असतो. एकेकटा घरवाला एजंट सांगेल तो भाव घेतो.

म्हणून ज्यांच्या घरी किंवा नात्यागोत्यात असा व्यवसाय असेल, त्यांनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, वहीत जमाखर्चाबरोबर घरच्या मजुरीचा रकाना आखावा. किती तास, कुणाचे, ते रोज लिहावे. दुसरी, पाहुण्यांचे पैसे बाईच्या नावाच्या बँक खात्यात जमा व्हावेत. महाराष्ट्र सरकारने 2023 साली महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण आणले; त्याची चौकशी पर्यटन कार्यालयात करावी. तिसरी, गावातल्या घरांनी एकत्र बसून किमान दर ठरवावा, अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी. चौथी, आवणीच्या दिवसांत आणि मुलीच्या परीक्षेत पाहुणे घेऊ नयेत. चार पैसे कमी मिळतील, पण मुलगी शिकेल.

आणि जे पाहुणे म्हणून जातील त्यांनीही विचार करावा. आपणही कष्टकरी माणसे. दोन दिवसांच्या सहलीसाठी वर्षभर पैसे साठवतो, म्हणून घासाघीस करावीशी वाटते. ती एजंटाशी करा, भाकरी थापणाऱ्या हाताशी नको. घरवाल्यांचा फोन मिळवून थेट त्यांच्याशीच ठरवा. जेवणाची वेळ आधी सांगा, आपली ताटे आपण उचला, प्लॅस्टिक परत आणा. हा परिसर 1986 पासून अभयारण्य आहे. काजव्यांवर बॅटरी मारू नका. त्यांच्या उजेडाला आपल्या उजेडाची गरज नसते.

धरणाचे पाणी खाली गेले, त्याला शंभर वर्षे होत आली. आता शहरातून वर येणारा पैसाही तसाच खाली वाहून जाऊ द्यायचा की घरात अडवायचा, हे त्या वहीतल्या एका रकान्यावर अवलंबून आहे. तो आजच आखा.