बंद पेटीचा आग्रह

भ्रमणध्वनीची बॅटरी क्षीण झाली म्हणजे ती बदलण्यापेक्षा नवा फोन घेतलेलाच बरा, असा सल्ला दुकानदार देतो आणि आपण तो निमूटपणे मानतो. या परिस्थितीविरुद्ध आता सरकारी पातळीवर हालचाल सुरू झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. हाती बाळगण्याच्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, हा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे युरोपीय संघाने २०२३ मध्ये ठरवले. या वादात बोट दाखवले जाते ते कंपन्यांच्या नफेखोरीकडे, आणि ते चूक नाही. परंतु बंद पेटी ही केवळ हिशेबनिसाची कल्पना नव्हे. एका कंपनीच्या प्रमुखाची ती श्रद्धा होती, आणि ती पूर्णपणे आकाराला आली १९८४ सालच्या मॅकिंटॉश या संगणकात.

वास्तविक मॅकिंटॉश हे स्टीव्ह जॉब्स यांचे मूळ अपत्य नव्हे. सर्वसामान्य माणसाला परवडेल असा, हजार डॉलरच्या आसपासचा संगणक करावा म्हणून जेफ रास्किन यांनी १९७९ मध्ये ॲपल कंपनीत हे काम सुरू केले होते. कंपनीच्या ‘लिसा’ या बड्या प्रकल्पातून जॉब्स यांना दूर सारण्यात आले आणि १९८१ च्या आरंभी त्यांनी आपले लक्ष या लहानशा गटाकडे वळवले. रास्किन पुढच्याच वर्षी कंपनी सोडून गेले. यंत्राचा प्रोसेसर बदलून मोटोरोलाचा अधिक समर्थ ६८००० घेण्यात आला. लिसावरील माउस आणि चित्रमय पडदा या छोट्या यंत्रात आला. हा लाभ मोठा होता. टेलिफोन डिरेक्टरीहून अधिक जागा या यंत्राने टेबलावर व्यापता कामा नये, असा जॉब्स यांचा हुकूम होता. मॅकिंटॉशचा तो उभट, ओळखीचा चेहरा त्यातूनच आला. पडद्यावरील अक्षरे सुबक, कमीअधिक रुंदीची असावीत हा हट्टही त्यांचाच. ज्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उमटवता येतो, त्याला रोमन काय आणि देवनागरी काय, दोन्ही लिप्या सारख्याच. हे आपण मराठी वाचकांनी विसरू नये.

पण हाच आग्रह एकदा सुटला की कोठे थांबेल याचा नेम नसतो. पंख्याचा आवाज नको, म्हणून पंखाच नको. वास्तविक १९८० च्या ॲपल थ्री या संगणकात पंखा टाळल्याचे फळ कंपनीने भोगले होते. तो तापत असे. तरीही मॅकिंटॉश बिनपंख्याचाच झाला आणि पुढे बाहेरच्या कंपन्यांनी त्यावर बसवायचे पंखे विकले. कळफलकावर बाणांच्या कळाही ठेवल्या नाहीत, हेतू हा की लोकांनी माउस वापरलाच पाहिजे. मेमरी अवघी १२८ किलोबाइट, आणि ती वाढवण्याची सोय मुद्दाम वगळलेली. पेटीचे स्क्रू असे की साध्या पेचकसाने त्यांना हात लावता येऊ नये. मालकाने यंत्र वापरावे, उघडू नये, हा त्यातला संदेश होता. सर्किट बोर्डावरील रेषांची दाटी दिसायला वाईट, म्हणून त्यांनी बोर्डाची मांडणीही बदलायला लावली. तो बोर्ड नीट चालेना आणि मुकाट्याने जुन्याच मांडणीकडे परतावे लागले. जो भाग कोणी पाहणार नाही तोही नीटस असावा ही कारागिराची निष्ठा आपल्याला मोहवते हे खरे, पण जो भाग कोणी उघडणार नाही याची तजवीजही त्याच माणसाने केली होती.

जॉब्स यांच्या चरित्रकथांत त्यांच्या सहकाऱ्यांच्या आज्ञाभंगाला मात्र पुरेसे श्रेय मिळत नाही. फ्लॉपी ड्राइव्ह सोनी कंपनीची घ्यायची नाही, जपानच्याच दुसऱ्या एका कंपनीची घ्यायची, असे जॉब्स यांनी फर्मावले असता अभियंत्यांनी सोनीशी बोलणी गुपचूप चालू ठेवली. जॉब्स अचानक आले तेव्हा सोनीच्या माणसाला झाडूवाल्याच्या खोलीत लपवण्यात आले! दुसऱ्या कंपनीला वर्ष-दीड वर्ष लागणार असे निष्पन्न झाले आणि ही चोरटी तयारीच कामी आली. बर्रेल स्मिथ या तरुण अभियंत्याने मोठ्या क्षमतेच्या चिप पुढे बसवता याव्यात अशी तरतूद बोर्डात गाजावाजा न करता करून ठेवली. तिच्या जोरावर सप्टेंबर १९८४ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांत, ५१२ किलोबाइटचे यंत्र बाजारात आणता आले. मधल्या काळात पहिल्या ग्राहकांनी एकाच ड्राइव्हवर फ्लॉपी उलटसुलट घालण्यात किती वेळ दवडला असेल, कोण जाणे. आणि त्यासाठी त्यांनी २,४९५ डॉलर मोजले होते. अर्थात ही किंमत जाहिरातीच्या खर्चापायी जॉन स्कली यांनी चढवली होती, तो दोष जॉब्स यांच्या माथी मारता येणार नाही.

उलट उदाहरण त्याच कंपनीत होते. १९७७ च्या ॲपल टू या संगणकात जोड-कार्डांसाठी दोनच खाचा पुरेत असे जॉब्स म्हणत होते. स्टीव्ह वॉझ्निअक यांनी आठांचा आग्रह धरला आणि तो सोडला नाही. त्या खाचांत इतरांनी बनवलेली कार्डे बसत गेली, यंत्र वर्षानुवर्षे उपयोगी राहिले, आणि मॅकिंटॉशची विक्री १९८४ च्या अखेरीस मंदावली तेव्हा कंपनीचा भार वाहिला तो या जुन्या बैलाने. मॅकिंटॉशच्या खोलीत वॉझ्निअक यांच्या बरोबरीच्या नात्याने ‘नाही’ म्हणणारा कोणी नव्हता. जे असहमत होते त्यांना लपूनछपून काम करावे लागले, आणि ग्राहकाला तर तेथे जागाच नव्हती.

मे १९८५ मध्ये जॉब्स यांच्याकडून हा विभाग काढून घेण्यात आला, सप्टेंबरात ते कंपनीतून बाहेर पडले. त्यानंतर १९८६ मध्ये बाणांच्या कळा आल्या, मेमरी वाढवता येऊ लागली. १९८७ च्या मॅकिंटॉश टूमध्ये सहा खाचा आल्या. पुढे १९९७ मध्ये ते परतले आणि कंपनीला त्यांनी बुडता बुडता वाचवले, हेही तितकेच खरे. पण २००० सालचा बिनपंख्याचा देखणा घनाकृती संगणक वर्षभरातच मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कंपनीच्या नव्या लॅपटॉपमध्ये मेमरी डाक देऊनच जोडलेली होती. जे १९८४ मध्ये एका माणसाचे मत होते ते आता साऱ्या उद्योगाचा रिवाज झाले आहे, आणि त्यापासून मिळणारा नफा पाहता तो आपखुशीने कोणी मोडील हे संभवत नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची अवजारे अमेरिकेतील ग्राहकांना विकण्यास ॲपलने आरंभ केला तो एप्रिल २०२२ मध्ये, तोही दुरुस्तीच्या कायद्यांची मागणी तेथील विधिमंडळांत घुमू लागल्यावर.