पुस्तक अर्धवट का राहते?

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ एका बैठकीत संपवल्याचे अभिमानाने सांगणारे वाचक गावोगाव भेटतात. त्यांचीच ‘हिंदू’ २०१० साली आली. ती मात्र कित्येक घरांत खुणेची चिठ्ठी घातलेल्या पानावरच थांबली आहे. सहाशेच्या आसपास पाने, त्यात कथा सरळ चालत नाही. वाचक दमला तर नवल नाही. न आवडलेले पुस्तक खाली ठेवण्यात गैरही काही नाही. काळजी करावी ती आवडत असूनही सुटलेल्या पुस्तकाची.

नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव असलेल्या रहिमतपूरसारख्या गावात वाचनाची आवड नवी नाही. पण पन्नाशी ओलांडलेली माणसे सर्रास म्हणतात, ‘आता पूर्वीसारखे वाचन होत नाही.’ दोष मोबाइलला दिला जातो. तो दोषी आहेच, पण एकटा नाही.

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते. जवळचे पाहताना ते फुगायला हवे, ते पुरेसे फुगत नाही. मराठीने त्या वयाला आणि त्या चष्म्याला एकच नाव दिले, तरी चष्मा लावणे लोक वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. पुस्तक लांब धरायचे, दिव्याखाली सरकायचे. दहा पानांत कपाळ ठणकते आणि लेखक कंटाळवाणा ठरतो! योग्य चष्म्याअभावी जवळचे नीट न दिसणारे लोक जगात सुमारे ८२ कोटी ६० लाख असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बाजारातला तयार चष्मा तात्पुरता चालतो, पण त्याच्या दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो, डोळ्यांचा असेलच असे नाही. शिवाय तपासणी टळते. मग काचबिंदू आत असेल तर कळत नाही, आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही.

मधुमेहात साखर वरखाली झाली की भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते, त्यासोबत नंबरही. काल दिसलेले अक्षर आज पुसट दिसते.

डोळे ठीक असूनही तेच पान तीनदा वाचावे लागत असेल, तर झोपेची आणि मनाची विचारपूस हवी. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या यादीत वर्तमानपत्र वाचताना लक्ष लागते का, याचीही चौकशी असते. आपल्याकडे अशा माणसाला घरचे ‘आळशी झालात’ म्हणून मोकळे होतात, आणि उपचार होऊ शकणारा आजार महिनोन्‌महिने तसाच राहतो.

डॉक्टरांचीही यात चूक आहे. बाह्यरुग्ण विभागात गुडघे, रक्तदाब, साखर यांची चौकशी होते. ‘सध्या काय वाचता?’ हे कोणी विचारत नाही. अर्ध्या मिनिटाचे काम. श्रावणात पोथी दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या आजीलाही हा प्रश्न विचारायला हवा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांप्रमाणे ज्येष्ठांनाही जवळचा चष्मा मोफत देण्याची तरतूद आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.